फणसवाडीपर्यंत एकही धक्का नको

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी चिडले की का चिडलीस म्हणून कुणी विचारत नाही, माझ्या हातातली काचेची भांडी तेवढी काढून घेतात. पण त्या रविवारी मी ज्याच्या ज्याच्यावर ओरडले त्या प्रत्येकाचं काही ना काही चुकलेलंच होतं. अजूनही माझं तेच म्हणणं आहे.

सुरुवात गाडीपासून करावी लागेल. करी रोडची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाले. विकायच्या घरांचा टॉवर पुढे, काचांचा. आम्हा जुन्या भाडेकरूंचा मागे, ड्रेनेजच्या पाइपांचा. पण आम्हालाही लिफ्ट मिळाली आणि पोडियमवर गाडी लावायला जागा मिळाली. जागा मिळाल्यावर मी गाडी घेतली. सेकंडहँड, छोटी, लाल. आणि वर्षभराने तिला कॉइलओव्हर बसवले.

हे काय असतं ते आईला मी दहा वेळा समजावलं होतं, तुम्हालाही सांगते. चाकाची मूळची स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे बाबांच्या भाषेत शॉकप, काढून टाकायचे आणि त्या जागी दोन्ही एकात एक असलेली जोडी बसवायची. तिच्या डोक्यावर एक छोटा नॉब असतो. एका बाजूला फिरवला की गाडी कडक होते, दुसऱ्या बाजूला फिरवला की नरम. फिरवताना टिक टिक वाजतो. आणि खाली एक कडं असतं, ते चावीने फिरवलं की गाडी उचलली जाते किंवा खाली बसते. मी माझी गाडी खाली बसवून कडक ठेवली होती. रविवारी पहाटे फ्रीवेवर न्यायची, वळणावर जराही न कलता ती अशी जायची की आठवड्याभराचं ऑफिस डोक्यातून उतरायचं. माझ्या आयुष्यात माझं असं म्हणावं ते तेवढंच होतं.

अर्थात कौतुक कुणाला? गॅरेजमध्ये फिटिंगला गेले तर तो माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, ‘‘भाई नहीं आया क्या?’’ म्हटलं, भाऊ नाहीच मला, आता काय करू, गाडी परत नेऊ? आणि घरी बाबा. बाबांनी सगळी नोकरी सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून काढली. पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले आणि लालबाग यायच्या आत म्हणाले, ‘‘ह्याच्यापेक्षा बैलगाडी बरी गो! निदान बैल तरी वळान बघतत.’’

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग आई बाथरूममध्ये घसरली.

मणक्याला फ्रॅक्चर. हाडं आधीच ठिसूळ झालेली. डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले, पण छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा बांधला आणि सांगितलं की वाकायचं नाही, उचलायचं नाही, धक्का तर अजिबात बसता कामा नये. हाड जुळेपर्यंत एक धक्का जरी बसला तरी पाय जातील, असं स्पष्ट सांगितलं. आई ऐकून घेत होती. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायची, बाकी खिडकीशी बसून राहायची. आणि तेवढ्यात फणसवाडीहून फोन आला की मावशीने अन्न सोडलंय.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. दोघीच बहिणी. वर्षभर अंथरुणाला खिळलेली होतीच, आता डॉक्टर घरी येऊन सांगून गेले होते की ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. आईने फोन ठेवला आणि एवढंच म्हणाली, ‘‘मला जायचंय.’’

या दोघींचं काय होतं ते सांगायला हवं. आईचं माहेर गिरगावातल्या याच फणसवाडीतलं, कारकुनी करणाऱ्यांचं, चहाच्या कपाखाली बशी लागतेच अशातलं. तिने लग्न केलं लालबागच्या गिरणी कामगाराच्या मुलाशी, जो बस चालवायचा आणि मालवणीत बोलायचा. माझ्या आजोबांनी तिला सांगितलं, या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. पुढची काही वर्षं आई फणसवाडीत जायची ती खालच्या चौकापर्यंत. बाबा गल्लीच्या तोंडाशी थांबायचे, आत यायचेच नाहीत. आजोबा ऑफिसला गेलेले असले की मावशी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. गिरगावात भाजी, पाव, दूध अशीच वर जायची, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नाही. पण ही पिशवी भरलेली खाली यायची. कधी पुरणपोळी, कधी मुगाचे लाडू, मी पोटात असताना खारवलेल्या मिरच्या. आई पिशवी रिकामी करायची आणि दोरीला दोन हिसके द्यायची, म्हणजे पोचलं. मग रिकामी पिशवी वर जायची. पुढे आजोबांचा राग गेला, येणंजाणं सुरू झालं, मावशी लग्नानंतरही त्याच घरात राहिली, पण आई हे विसरली नाही. म्हणायची, ‘‘तिने मला खाली असताना टाकलं नाही.’’

तर आईला जायचं होतं. मी म्हटलं व्हिडिओ कॉल लावून देते. माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल उलटा ठेवला. म्हटलं, अँब्युलन्स बोलवू. तर म्हणते, ‘‘आपल्या चाळीतून अँब्युलन्समधून गेलेलं कोण परत आलंय? एक नाव सांग.’’ मी विचार केला आणि खरंच मला एकही नाव आठवलं नाही. टॅक्सीत बसली तर सीटवरून उडणार. राहिली माझी गाडी. साऱ्या मुंबईत कडकपणाला जिची बरोबरी नाही अशी गाडी! मला इतका राग आला ना, त्या गाडीचा, रस्त्यांचा, त्या बाथरूमच्या गुळगुळीत फरशीचासुद्धा, जी बिल्डरने ‘प्रीमियम’ म्हणून बसवली होती.

आईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘एकही धक्का न लागता नेणार असाल तर न्या. लिफ्ट आहे ना?’’

‘‘आहे ना,’’ मी म्हटलं.

आई शेजारीच बसली होती, पट्ट्याची कड चाचपत.

शनिवारी मी पोडियमवर कामाला लागले. गाडी जॅकवर घेतली, चारही चाकांकडची कडी फिरवून ती जेवढी उचलता येईल तेवढी उचलली, म्हणजे स्प्रिंगला दबायला जागा मिळेल. हात काळे, केसात ग्रीस, आणि सोसायटीचे सेक्रेटरी खाली उतरून सांगतात, ‘‘पोडियमवर गाडीचं काम करायला मनाई आहे, नोटीस लावलीय बघा.’’ त्यांच्या स्वतःच्या स्कूटरचं तेल वर्षभर तिथेच गळतंय. म्हटलं, ‘‘काका, माझ्या आईचा मणका मोडलाय. नोटीस तुमच्या दारावर लावा, मी येऊन वाचते.’’ गेले पुटपुटत.

मग नॉब. मी चारही नॉब पार टोकापर्यंत नरम केले. मापायचं कशाने? आईचा पितळी तांब्या काठोकाठ भरला, पुढच्या सीटवर उशांमध्ये घट्ट बसवला, जिथे आई बसणार होती तिथेच. आणि गाडी डिलाईल रोडवर काढली. पाणी सांडलं म्हणजे आईला लागलं, असा हिशेब.

पहिल्या फेरीत अर्धा तांब्या सांडला. धक्का कमी झाला होता, पण गाडी डोलायला लागली होती. स्प्रिंग शेवटी तीच, कडक. नॉबने फक्त तिचं उसळणं किती लवकर थांबायचं तेवढं ठरतं. सगळा नरम केला तर ती थांबतच नाही, एका खड्ड्यात गेलेली गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत नाचत जाते. म्हणून थोडा कडक केला. परत भरला तांब्या, परत डिलाईल रोड. थोडा मागे, थोडा पुढे. पुढचे दोन वेगळे, मागचे दोन वेगळे. तिथल्या वडापाववाल्याने शेवटी विचारलंच, ‘‘ताई, पाणी कुणाला फिरवताय?’’ संध्याकाळपर्यंत तांब्याच्या खालचं फडकं नुसतं ओलसर लागत होतं. मला वाटलं, जमलं.

बाबा हे सगळं पोडियमवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. त्यांचं एकच पालुपद. ‘‘मी काय सांगतंय ता ऐक. रिकामी गाडी उडता, भरलेली गाडी बसता. डेपोतसून रिकामी बस निघाली की कंडक्टर उडान टपाक लागायचो. लालबागाक भरली की निसतो पाळणो! गाडीत वजन टाक.’’

‘‘बाबा, तुमची बस पोलादी पाट्यांच्या जाड स्प्रिंगवर होती. साठ माणसं उचलायला बनवलेली, म्हणून रिकामी असली की उडायची. हिला खाली दबायला वीतभर जागा नाही. वजन टाकलं की ती जागा संपते, आणि संपली की गाडी सरळ आपटते.’’

‘‘ता तुझ्या मोबाइलात आसा. माझा ह्या हातांत आसा.’’

‘‘ठेवा तुमच्या हातात,’’ मी म्हटलं आणि वर आंघोळीला गेले.

रविवारी सकाळी आईला पट्ट्यावरून मीच साडी नेसवली, ठेवणीतली, हिरवी. मावशीला आता गिळवलंच तर फक्त मऊ, म्हणून आईने मला बाजूला उभी राहून शिरा करायला लावला, चार वेळा दूध वाढवायला लावलं. डबा मांडीवर घेऊन ती पुढे बसली, बाबा मागे. मी गाडी काढली.

आणि काय सांगू, गाडी अशी चालली की माझा माझ्यावर विश्वास बसेना. लालबागचा रस्ता, चिंचपोकळीचं वळण, ड्रेनेजची झाकणं, सगळं नुसतं खालून सरकत होतं. आई म्हणाली, ‘‘किती छान चाललीय गं. उगाच नावं ठेवत होते सगळे तुझ्या गाडीला.’’ माझे डोळे भरून आले. आरशात बघितलं तर बाबा खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटतंय.

भायखळ्याच्या पुढे रस्ता काँक्रीटचा करायला घेतलाय. एक बाजू झालीय, दुसरी खोदून ठेवलीय, आणि नवा रस्ता संपून जुना सुरू होतो तिथे सरळ पायरी आहे. कुणा शहाण्याला वाटलं नाही की इथे जरा उतार करावा, इथून माणसं जातात. मला पायरी दिसली, मी गाडी अगदी हळू केली. पुढची चाकं अलगद उतरली. मागची उतरली आणि ठाक!

‘‘आई गं!’’ आई ओरडली. डबा मांडीवरून खाली गेला. दोन्ही हातांनी तिने सीट धरली होती, डोळे घट्ट मिटलेले.

मी गाडी बाजूला घेतली. ‘‘पाय हलव. आई, पाय हलव आधी.’’ तिने पाय हलवले. दोन्ही. मी चार वेळा हलवायला लावले. मग उतरले, कारण असा आवाज येण्याचं काही कारणच नव्हतं. मागे जाऊन बघते तर गाडी ढुंगणावर बसलेली, मागचं चाक वर मडगार्डला जाऊन भिडलेलं. डिकी उघडली. आत गोधडी. गोधडी उचलली.

व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेटा. डिकीभर, ओळीने, अगदी नीट रचलेल्या.

मी आंघोळीला गेले तेवढ्यात या माणसाने खुंटीवरची चावी घेऊन, जुन्या चाळीच्या शेजारच्या व्यायामशाळेतून दोस्तांना हाताशी धरून वजनं आणून भरली होती. वर गोधडी घातली, म्हणजे मला दिसू नये! आणि वाटेत गाडी मऊ लागली ती त्या वजनाने, हे त्यांना वाटत होतं आणि म्हणून ते हसत होते. छोट्या खड्ड्यांत लागलीही असेल. पण ती दबलेलीच होती, मोठ्या पायरीला तिच्याकडे दबायला काही उरलंच नव्हतं.

माझी सटकली. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तशी. ‘‘काय समजता तुम्ही स्वतःला? मी काल दिवसभर मरमर मेले ते काय खेळ होता? सांगितलं होतं ना, वजन टाकलं तर आपटेल? तिचे पाय गेले असते म्हणजे? मग कुणाला सांगितलं असतंत, माझ्या हातांत आसा म्हणून?’’

‘‘पाळण्यासारखी चलत होती गो,’’ बाबा म्हणाले.

‘‘ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! उतरा खाली!’’

माणसं जमली. एकजण दात घासत उभा होता, त्याने ब्रश तोंडातच ठेवला. आतून आई म्हणाली, ‘‘ओरडू नकोस त्यांच्यावर. रस्त्यात ओरडू नकोस.’’ पण मी कुठली ऐकते. एकेक प्लेट उचलून एका बंद दुकानाच्या पायरीशी आदळत होते. बाबाही मुकाट्याने उचलायला लागले. सत्तरीतला माणूस, पण मी थांबवलं नाही. सगळी वजनं बाहेर आली, तेव्हा मी म्हटलं बसा गाडीत.

‘‘आणि ह्या?’’ बाबा म्हणाले. ‘‘लोकांचा सामान आसा. सांजेक परत देवचा आसा. असाच टाकून कसा येव?’’

‘‘मग बसा इथेच तुमच्या सामानाजवळ!’’

डिकी आपटली आणि गाडी काढली. आरशात दिसले, पायरीवर टेकले होते, टोपी काढून हातात घेतलेली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. आई मागे वळून बघू शकत नव्हती, पट्ट्यामुळे. तिने विचारलं, ‘‘सावलीत बसलेत ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ नव्हते.

पुढचा सगळा रस्ता गाडी माझ्या मापाप्रमाणे चालली. खरंच सांगते, एकही धक्का नाही. फणसवाडीच्या गल्लीत आरसे मिटून घेतले, गटाराच्या झाकणावरून गाडी तिरकी नेली, आणि मावशीच्या इमारतीच्या चौकात अगदी दारासमोर लावली. उतरले, आईचं दार उघडलं, तिला दोन्ही हातांनी धरून सावकाश उभी केली. तिने पदर सारखा केला. मी वर मान करून तिसरा मजला बघितला.

आणि तेव्हा मला जिना दिसला.

लाकडी, उभा, अंधारा, मधे झिजलेला. लहानपणापासून शेकडो वेळा मी तो चढले असेन. सहा वर्षं टॉवरमध्ये राहून, बटण दाबून वर जाऊन, मी साफ विसरले होते की माणसाला वर जायला जिना लागतो. डॉक्टरांनी विचारलं होतं, लिफ्ट आहे ना. आणि मी आहे म्हटलं, आमच्या घरची! गाडीचे नॉब टिक टिक करून मोजत बसले आणि मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते हे कुणाच्या बापाला आठवलं नाही.

वहिनी खाली आली होती, म्हणजे मावशीची सून. मी तिच्यावरच उसळले. ‘‘अगं, रोज फोनवर या, या करत होतीस, एकदा म्हणाली नाहीस की ही चढणार कशी?’’

वहिनी आईकडे बघायला लागली. म्हणाली, ‘‘मी म्हटलं होतं. ह्या म्हणाल्या, जिन्याचं तिच्यासमोर काढू नकोस, नाहीतर ती आणायचीच नाही.’’

मी आईकडे वळले. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘मला नाही माहीत असणार तर कुणाला?’’ आई म्हणाली. तीही चिडलेली होती. माझं डोकं कुणाकडून आलंय ते अशा वेळी कळतं. ‘‘सांगितलं असतं तर आणलं असतंस? नसतंस आणलं. मग गप्प बस. चढेन मी.’’

‘‘चढू नकोस.’’

‘‘या जिन्यावर चढू नकोस म्हणून मला फार जणांनी सांगून झालंय,’’ ती म्हणाली आणि तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी मागून धरलं होतं. दुसऱ्या पायरीला तिचं सगळं अंग थरथरलं. कपाळावर घाम फुटला आणि कठड्यावरचा हात सुटला. मी आणि वहिनीने मिळून तिला मागे घेतलं. खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून न्यावं, चाळीत असंच नेतात, पण इमारत खचलीय म्हणून जिन्याच्या वळणावळणावर लोखंडी टेकू लावलेत. माणूस आडवा होऊन जातो तिथून, खुर्ची वळत नाही. कित्येक वर्षं टेकू लागलेत आणि दुरुस्ती अजून व्हायचीय. मावशीला खाली आणावं तर तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी.

शेजारच्यांनी चौकात खुर्ची आणून दिली. आई बसली. पट्ट्यामुळे तिला मान वर करून गॅलरीसुद्धा बघता येईना. समोर बघत म्हणाली, ‘‘परत खालीच.’’

मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. पण मारायला कुणी नव्हतं. मी गाडीच्या चाकाला लाथ घातली, त्याने माझाच अंगठा दुखावला.

वहिनी वर गेली होती. थोड्या वेळाने गॅलरीतून तिने आईला हाक दिली, ‘‘मावशी, बघा हं, सोडतेय.’’

दोरी खाली आली. टोकाला कापडी पिशवी. आईच्या गुडघ्यांसमोर येऊन थांबली. आईने ती दोन्ही हातांनी घेतली, आत हात घातला. पिशवी रिकामी होती. वहिनी वरून म्हणाली, ‘‘तुमच्या ताईंनीच दोरी मागितली. दुसरं टोक त्यांच्या हातात दिलंय, पलंगावर.’’

आईने मला डबा दे म्हणून खूण केली. गाडीत पडलेला, एका बाजूने चेमटलेला डबा मी ओढणीने पुसून दिला. तिने तो पिशवीत उभा ठेवला, पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं. इतकी वर्षं ती पिशवी भरलेली खाली यायची आणि रिकामी वर जायची. वहिनीने ती सावकाश ओढून घेतली. पिशवी सोडवून दोरी पुन्हा खाली सोडली. आईने दोरीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि बसून राहिली. चौकात कुणीतरी नळ सोडला होता, तो बंद केला.

मग दोरीला हिसका बसला. फार हलका. थोडं थांबून दुसरा.

‘‘पोचलं,’’ आई म्हणाली. आणि तिनेही दोन दिले.

किती वेळ त्या दोघी तशा होत्या मला माहीत नाही. एकदा वरून यायचा, एकदा खालून जायचा. हळूहळू वरून यायचे बंद झाले. वहिनी गॅलरीत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘झोप लागली त्यांना. दोन चमचे खाल्ला.’’ आईने बोटांची दोरी सोडवली. वहिनी ती वर ओढायला लागली, तसं टोक दिसेनासं होईपर्यंत आई समोरच बघत होती, वर बघता येत नव्हतं म्हणून.

परत येताना मी गाडी आणखी हळू चालवली. मागून हॉर्न वाजत होते, मी काच खाली करून शिव्या घालत होते. भायखळ्याला बाबा तिथेच होते. ऊन आता पुरतं त्यांच्या अंगावर आलं होतं. कुणीतरी चहा दिलेला, त्याचा रिकामा ग्लास प्लेटांवर ठेवलेला. आम्हाला बघून ते उठले, आईच्या खिडकीशी वाकले.

‘‘भेटली?’’

‘‘दोरी आली खाली,’’ आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. कसली दोरी म्हणून विचारलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तुमी जावा पुढे. मी ह्या घेवन टॅक्सीन येतंय.’’

मीही हो म्हणणार होते. पण आई म्हणाली, ‘‘टाका ते सगळं डिकीत.’’

‘‘आई, आपटेल गाडी.’’

‘‘आपटू दे. आता कशासाठी जपतेस?’’

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बाबा तसेच उभे. शेवटी मीच उतरले आणि डिकी उघडली. आम्ही दोघांनी मिळून वजनं आत ठेवली आणि बाबांनी वर गोधडी घातली. गाडी मागून पुन्हा बसली. निघालो तर पुढे सकाळचीच ती पायरी, आता वर चढायची. मी गाडी थांबवली, पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सोडली. पुढची चाकं चढली. मागची चढताना ठाक करून आपटली, सकाळच्यापेक्षा जोरात. बाबांनी मागून आईचे खांदे धरले होते.

आईने हूं की चूं केलं नाही. मी विचारलं, ‘‘लागलं का गं?’’

‘‘चल,’’ ती म्हणाली.